तिसरा तक्ता

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून शिंपीकाकांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, तेव्हा कान आपसूकच शेजारच्या दोघांकडे लागले.

“सर, संशोधनाच्या मासिकाने पहिल्यांदाच मला कुणाचा तरी लेख तपासायला पाठवलाय.”

“वा. म्हणजे आता तू परीक्षक झालीस. कुणाचा आहे?”

“नाव झाकलेलं असतं ना.”

“विषय तरी सांगशील?”

“मुंग्या.”

“असं होय. बरा आहे का?”

“फार सुंदर आहे. पण फोटोत नऊ वारुळं दिसतात आणि तिसऱ्या तक्त्यात सहाच मोजलीत.”

“मग तसं लिही.”

“हात धजत नाही, सर. ज्यांनी मला मोजायला शिकवलं...”

“अगं, नाव झाकलेलं असतं.”

“हो.”

“तुझा पहिला लेख ‘पुन्हा मोजा’ म्हणून परत आला होता, आठवतं?”

“दोन दिवस जेवले नव्हते मी. कोण खडूस परीक्षक होता कोण जाणे.”

“खडूसच मेला. शेजारच्या खोलीत बसून तुझं रडणं ऐकत होता.”

काका बाकावर नकळत त्यांच्या बाजूला सरकले.

“तुम्ही होता, सर?”

“तूही लिही, पुन्हा मोजा म्हणून. मुदत मात्र दोन महिन्यांची दे.”

“एवढी कशाला?”

“ऑपरेशन झाल्यावर नीट दिसायला वेळ लागेल बिचाऱ्याला.”

आतून सरांना हाक आली.

“हात धरू, सर?”

“धर. पुढे दोन पायऱ्या आहेत.”

“तीन आहेत, सर.”

“बघ, येतंय की तुला सांगता.”