खोकण्याची जागा

भाऊ : …आणि ओल्या मुळांवर पाय देऊ नकोस म्हणावं, निसटतात. एवढं पुढे पळायची काय गरज? माझी पोरगी आहे की वानर, कळत नाही.

ताई : तुझ्यावरच गेलीय. तू जरा टाचा टेकवून चढ रे. सगळं चवड्यांवर चाललंय तुझं, मग पोटऱ्या भरून येणारच.

भाऊ : आता तू शिकव मला चढायला. जी जन्मात त्या दगडाच्या वर गेली नाही.

ताई : आला का दगड?

भाऊ : हा काय. तसाच आहे मेला, शेवाळसुद्धा तेवढंच. दरवर्षी अण्णांच्या ऑफिसची सहल यायची, सगळ्यांची पोरं शिखरावर जाऊन बोंबलायची, आणि अण्णा, तू न् मी, आपण तिघं इथे संत्री सोलत बसायचो. का, तर ताईला दम लागला. अख्खं लहानपण या दगडावर बूड टेकून काढलंय मी, तुझ्यापायी.

ताई : वरून तळं दिसतं, असं कुणीतरी सांगायचं. मग तू घरी गेल्यावर माझ्याशी बोलायचा नाहीस.

भाऊ : अण्णांचे साहेब म्हणायचे, मी नेतो याला. तर अण्णा सोडायचे नाहीत. बहीण आजारी आणि तू मजा मारणार का, म्हणायचे.

ताई : बस जरा. शर्ट बघ तुझा, पिळून काढावा असा झालाय.

भाऊ : ऊन आहे.

ताई : या झाडीत? आभाळ दिसत नाही धड. छातीत दुखतंय का?

भाऊ : दुखत नाही. नुसती धाप. गोळी घेतली मघाशी, झाडामागे गेलो होतो ना, तेव्हा.

ताई : कसली गोळी?

भाऊ : हळू बोल. डॉक्टरांनी चढू नको म्हणून सांगितलंय. घरात कुणालाच माहीत नाही. पुढच्या आठवड्यात पोरगी हॉस्टेलला निघालीय. तिला कळलं तर भरलेली बॅग रिकामी करून बसेल, ओळखतेस ना तिला. आणि जायच्या आधी दोघं मिळून हे शिखर चढायचं, असं कबूल करून बसलोय.

ताई : मग आता?

भाऊ : आता याच्या वर नाही जमणार मला. तू असं कर. ती आली ना, की तू जरा खोक. म्हण, धाप लागली. तुझं दम्याचं तिला ठाऊकच आहे, काही विचारणार नाही. उतरू आरामात. …हसतेस काय?

ताई : शब्दसुद्धा तेच रे. तू जरा खोक.

भाऊ : कुणाचे?

ताई : अण्णांचे. इथंच, याच दगडाला हात टेकून उभे राहायचे. मला दमा कधीच नव्हता.

भाऊ : काहीतरी सांगू नकोस.

ताई : धाप त्यांना लागायची. वायरमनला धाप लागते हे ऑफिसच्या लोकांना दिसलं असतं, तर खांबावर कोण चढू देणार होतं त्यांना? मला म्हणाले, एवढं कर माझ्यासाठी, तू शहाणी आहेस. मग काय, मी शहाणी झाले. साहेब स्वतः येऊन पाठीवरून हात फिरवायचे माझ्या.

भाऊ : आई?

ताई : तिला माहीत होतं. सहलीला निघताना सगळ्यांसमोर माझ्या गळ्याला मफलर गुंडाळायची.

भाऊ : नंतर तरी सांगायचं होतंस.

ताई : नंतर ते गल्लीभर झालं होतं. शाळेत बाईंनी शर्यतीतून माझं नाव काढलं आणि पोरींच्या चपला राखायला बसवलं. पुढे स्थळं यायची आणि निरोप पाठवायची, मुलगी छान आहे, पण छातीची तक्रार आहे म्हणे. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकायचे. मला वाटायचं, एकदा तरी तोंड उघडतील. नोकरी संपल्यावर तरी.

भाऊ : काहीच बोलले नाहीत?

ताई : शेवटी त्यांना आडवं झोपताच येईना. उशांना टेकवून मीच बसवायची. तेव्हा म्हणाले, तू घरी राहिलीस ते बरं झालं.

भाऊ : माझं वेगळं आहे, ताई. मी पोरीसाठी करतोय.

ताई : तेही पोरांसाठीच करत होते.

भाऊ : एकदाच. तुझं आता काय जाणार आहे?

ताई : खरंय. जायला काही उरलेलंच नाही.

(वरून वाळक्या पानांवर धावत येणारी पावलं.)

मुलगी : किती वेळ लावता हो, बाबा. पुढे झाडी संपतेच आहे, मग नुसता कातळ आणि शिखर. तळं दिसायला लागलंय. …अगंबाई. आत्या, दम लागला का तुला?

भाऊ : हो गं, तिला जरा—

ताई : मला काही झालेलं नाही. धाप तुझ्या बाबांना लागलीय. त्यांना गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय. तू हॉस्टेलला जाणार नाहीस म्हणून तुला सांगितलं नाही.

मुलगी : बाबा?

भाऊ : झालं तुझं समाधान, ताई?

ताई : नाही.

मुलगी : बाबा, माझ्याकडे बघा ना.

ताई : त्यांच्या मागे बस, पाठ टेकू दे तुझ्यावर. पाणी घोट घोट दे, एकदम नको. तोंडावर रंग आलाय आता, घाबरू नकोस. थोड्या वेळाने आपण तिघं हळूहळू उतरू.

मुलगी : तू कुठे निघालीस?

ताई : तळं बघून येते.

भाऊ : मला असं टाकून?

ताई : तुझी मुलगी आहे ना जवळ.

मुलगी : आत्या, मग मी आता जाऊ की नको? हॉस्टेलला?

ताई : ते तू ठरव. मला विचारू नकोस, यांनाही विचारू नकोस. आणि हे बघ, पुढे कधीतरी आपल्यातलंच कुणीतरी येईल आणि म्हणेल, एवढं कर माझ्यासाठी, तू जरा खोक.

मुलगी : मी कशाला खोकू?

ताई : हां. असंच म्हणायचं.