काजाची मशीन

(आवाज दुरुस्त करायची लहानशी खोली. दुपार. मावशी, तिची भाची आणि खोलीचा मालक, तंत्रज्ञ.)

मावशी : आवाज माझाच आहे हो. पण बाई कुणी दुसरीच वाटते.

तंत्रज्ञ : चाळीस वर्षांची टेप, काकू. धुऊनपुसून लख्ख केलीय. मागे नुसता खडखडाट होता, तो काढायलाच आठ दिवस लागले.

मावशी : काढला?

तंत्रज्ञ : आणि मध्येमध्ये तुम्ही ओळ विसरून थांबत होता ना, त्या रिकाम्या जागाही कापून ओळी जवळ घेतल्या.

मावशी : मी विसरत होते? आता विसरते, तेव्हा नाही.

भाची : चांगल्यासाठीच केलंय गं त्यांनी. परवाच्या मोर्च्यात सगळ्या पोरी तुझ्यामागून म्हणणार आहेत.

मावशी : म्हणू देत की. पण त्या हॉलमध्ये बत्तीस शिलाई मशिनी होत्या, बाळा, आणि दाराला बाहेरून कुलूप. सरकारने गाण्यांवर बंदी घातलेली. चौघी मिळून गुणगुणलो तरी मुकादम धावत यायचा. म्हणून मी गायले नाही, नुसती बोलले. ‘कुलूप तुमचं, दार आमचं.’ ताल मशिनींनी धरला. कामच चाललेलं, त्याला कोण बंदी घालणार?

तंत्रज्ञ : म्हणजे तो खडखडाट...

मावशी : तोच. आणि थांबायचे ती ताईसाठी. हिच्या आईसाठी. ती काजं करायची. काजाच्या मशीनचं कसं असतं, टाके पुरे झाले की सुरी खाली पडते आणि कापड कापते. ठक. ती सुरी पडली की मी पुढची ओळ घ्यायची. ठरलंच होतं आमचं. ताईच्या आधी मी कधी तोंड उघडलं नाही.

भाची : हे मला कधी सांगितलं नाहीस.

मावशी : कुठल्या तोंडाने सांगू? ही टेप झाली त्याच्या चौथ्या दिवशी तिला चौकशीला नेलं ते नेलंच. तू सात महिन्यांची. तुझ्या वाट्याला एक फोटो आला, त्यातही तिने मान फिरवलेली. बोल मात्र माझ्या नावावर गावभर झाले. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, मी मुकाट्याने घेते.

भाची : मूळ टेप असेल ना अजून?

तंत्रज्ञ : उतरवून घेतली आणि तुटली. सकाळपासून सांगायचा धीर होत नव्हता.

भाची : मग संपलंच.

तंत्रज्ञ : थांबा हो. काढलेला आवाज मी टाकून देत नाही. त्यात एखादा शब्द गेला असला तर परत घेता यावा म्हणून वेगळा ठेवतो. रिकाम्या जागा कापण्याआधीचा आहे, अख्खा. पण त्यात तुमचं बोलणं नसेल, काकू.

मावशी : ते मला पाठ आहे. लावा.

तंत्रज्ञ : हे घ्या. कानाला बोचेल थोडं.

मावशी : ही कॉलरवाली. सदा घाईत. ही बाह्या जोडणारी, हिच्या चाकाला तेल कधी मिळालंच नाही. आता नीट ऐक हं, बाळा. ‘कुलूप तुमचं, दार आमचं...’ आता पडेल बघ.

तंत्रज्ञ : हीच का?

मावशी : हीच. ताई कशी बेताने पाडायची. आणि मग मी म्हणायची...

भाची : मावशी, तू थोडा वेळ बोलू नकोस.