मधली खुर्ची

नाही, पण मी म्हणतो, डोळा माझा, त्यातलं पाणी माझं, मग त्याचा अर्थ लावायचा अधिकार घरातल्या झाडून सगळ्यांना दिला कुणी? तुम्हीच सांगा! पाणी काय फक्त दुःखानेच येतं? कांदा चिरताना येतं, जांभई देताना येतं, वाऱ्यावर उभं राहिलं तरी येतं... आणि माझ्या उजव्या डोळ्यातून तर कशानेही येतं, कारण त्याची नळी तुंबली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. पण हे घरात बोलायची चोरी! का, ते सांगतो. तुम्हाला काय, तुम्ही कडेला बसलाय, वाटेल तेव्हा उठून जाल. मी मधल्या खुर्चीवर होतो!

त्याचं असं झालं, की आम्हा नवरा-बायकोला वेगळं राहायचं होतं. भांडून नव्हे हो! मुलगा सोन्यासारखा, सून त्याहून काकणभर सरस. पण घर म्हणजे... मुलगा दिवसभर कानाला यंत्र लावून हॉलमध्ये येरझारा घालत ऑफिसातल्या लोकांवर ओरडणार, नात गिटार शिकणार, शिकणार म्हणजे एकच ओळ, तीही अर्धी, आणि माझी पुस्तकं पलंगाखालच्या ट्रंकेत! एखादं काढायचं तर जमिनीवर पालथं पडायचं, आणि पालथं पडलं की सून धावत येणार, "अगं बाई, बाबा पडले!" म्हणून पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रस्ता तिथेच संपतो, त्यामुळे गाडी नाही, हॉर्न नाही. भिंतीला फळी ठोकून घेतली, पुस्तकं नेऊन लावलीसुद्धा. हिने बाल्कनीत तिची खुर्ची कुठे आणि माझी कुठे तेही ठरवलं. मध्ये चांगलं अंतर ठेवलं. म्हणाली, "तुम्ही वाचलेलं मोठ्याने सांगता." बघा, किती विचारपूर्वक! मुलगा आधी खट्टू झाला, मग हो म्हणाला. आता नुसतं अंथरूण उचलून जायचं बाकी... आणि तेवढ्यात विहीणबाई सिनेमाची तिकिटं घेऊन आल्या.

कौटुंबिक सिनेमा. म्हणजे ज्यात कुटुंब मोडतं, तो. विहीणबाईंनी आधी एकदा पाहिला होता. "इतकी रडले, इतकी रडले, की शेवट दिसलाच नाही हो! म्हणून परत." आता यांना शेवट दिसला नाही, यात आमचा काय गुन्हा? पण नाही. सगळी वरात! पलीकडच्या टोकाला व्याही, दातांचे डॉक्टर; मग विहीणबाई, मग सून, मग मी, मग मुलगा, मग नात, आणि अलीकडच्या टोकाला, दाराशेजारी, आमची ही. ही अनुभवी बाई. लग्नात, सभेत, सिनेमात कडेची जागा आधी धरते. आणि मी? मधली खुर्ची. वर थंड हवेचं भोक. नेमकं माझ्या उजव्या डोळ्यावर.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची नावं संपायच्या आत आई गेली. मग बापाने दोन मुलं वाढवली, मुलं मोठी झाली, निर्लज्ज झाली, आणि बाप हातात एक पिशवी घेऊन दाराशी उभा. म्हणतो, "माझी काळजी करू नका रे. मी तिथे अगदी मजेत राहीन. मला एकट्यालाच बरं वाटतं." मागून व्हायोलिन! एक नाही, गाडाभर व्हायोलिनं! विहीणबाईंचा पहिला हुंदका फुटला. आणि इकडे गार वाऱ्याने माझी नळी... सुरू! एक थेंब, दुसरा थेंब, आणि मी पुसायला हात वर करणार तोच मध्यंतर! दिवे! भक्कन!

सगळ्या ओळीने वळून माझ्याकडे बघितलं.

मला सांगा, मी आयुष्यात कधी रडलो नाही. नोकरी केली ती आवक-जावक टेबलावर. आलेलं नोंदवायचं आणि पुढे पाठवायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. दुःखाचंही तेच केलं. त्यामुळे माझ्या गालावर पाणी म्हणजे घरच्यांना विहिरीत आग दिसावी तसं झालं. मुलगा म्हणाला, "बाबा..." बस्स, एवढंच. मध्यंतरानंतर त्याने माझा डावा हात धरला, सुनेने उजवा धरला, आणि डोळा गळतोय, गळतोय... पुसायला हात नको का मोकळा? नाक खाजवायची पंचाईत, हो! उठावं म्हटलं, तर इकडून तिघं, तिकडून तिघं, दोन्ही हात जप्त. मधली खुर्ची!

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीसमोर परीक्षणं सुरू झाली. विहीणबाई म्हणाल्या, "शेवट याही वेळी दिसला नाही, पण काय शेवट होता!" व्याही म्हणाले, "काही खरं नाही. म्हातारा मरताना हसतो तेव्हा चारी अक्कलदाढा शाबूत? सत्तरीत? मी उठूनच जाणार होतो." सून डोळे पुसत चिडलेली. "दर वेळी सूनच कशी वाईट? आणि तो मुलगा? दोन तास नुसता खांबाला टेकून उभा! त्याला कुणी काही बोललं का?" एवढं म्हणून तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि माझा मुलगा ज्या खांबाला टेकला होता त्यापासून गुपचूप बाजूला झाला. नातीने विचारलं, "ते सगळे एकाच गावात राहतात ना? मग भेटायला का नाही जात?" अहो, सबंध सिनेमावरचं एकमेव गंभीर परीक्षण ते! आणि ही म्हणाली, "आईला सुरुवातीलाच मारली. मारणारच! ती असती तर तिने दोन्ही पोरांचे कान उपटले असते आणि लोक वेळेवर घरी गेले असते."

मला कुणी विचारलंच नाही. माझं मत गालावर वाळत होतं ना!

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. त्या खोल्या सोडायच्या."

मी म्हणालो, "अरे वेड्या, मी तिथे अगदी मजेत राहीन!"

...तुम्ही हसता! मलाही तोंडातून निघाल्यावर कळलं. विहीणबाईंनी टाहो फोडला, "हेच! अगदी हेच वाक्य!" मी म्हणालो, "तसं नव्हे, मला खरंच जरा एकट्याला बरं वाटतं..." "हेसुद्धा होतं!" आता काय बोलणार? सिनेमावाल्याने म्हाताऱ्या माणसाची सगळी वाक्यं आधीच वापरून टाकलेली! शेवटी आवाज चढवला, "माझ्यावर दया दाखवू नका!" तर नातीने शांतपणे मागे बोट दाखवलं. भिंतीवर पोस्टर. त्यावर तोच म्हातारा, तीच पिशवी, आणि खाली मोठ्या अक्षरांत... तेच.

घरी येताना गाडीत ही माझ्या कानाशी लागली. "रडायला आजचाच मुहूर्त सापडला? माझी आई गेली तेव्हा कोरडे ठणठणीत होता."

"अगं, नळी!" मी म्हणालो.

"मग सांगा ना नळी म्हणून."

"सांगू कसं? आजारी माणसाला वेगळं राहू देतील? रडलो तर दुःखी, नाही रडलो तर आजारी!"

"मग बसा मध्येच," ही म्हणाली. गाडीतही मी मध्येच होतो.

शेवटी न राहवून दुसऱ्या दिवशी सांगितलंच, की बाबांनो, अश्रू नव्हेत, नळी आहे. वाटलं, सुटलो. तर मुलाचा चेहरा पडला. "बाबा... तुम्ही दुखणं लपवलंत? त्या सिनेमातल्या बाबांनीही छातीत दुखतंय हे शेवटपर्यंत..." घ्या! आता मी दुःखीही आणि आजारीही!

तेव्हापासून माझी हॉलमध्ये स्थापना झाली आहे. खुर्ची भिंतीजवळून उचलून मधोमध आणली, सगळ्यांची नजर राहावी म्हणून. मुलगा आता येरझारा घालत नाही, मला एकटं वाटू नये म्हणून शेजारी बसून ओरडतो. नात गिटारवर तीच अर्धी ओळ खास माझ्यासाठी वाजवते. सून जाता-येता माझ्या कपाळाला हात लावते. आणि डोळ्याला ताण नको म्हणून विहीणबाई येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवतात. अहो, हवामानाचा अंदाज वाचतानासुद्धा त्यांना भरून येतं! प्रेम आहे हो, कळतं मला. तेच तर! भांडण असतं तर दार आपटून गेलो असतो. प्रेमातून माणूस उठणार कसा? मधली खुर्ची!

बरं, मी अडकलो ते अडकलो. पण आमची ही! परवा चहा झाल्यावर हिने खुंटीवरची किल्ली घेतली. "जरा तिकडची धूळ झटकून येते." कुणी अडवलं? छे! मुलगा म्हणाला, "सावकाश जा." सून म्हणाली, "छत्री घ्या." अडवतील कशाला? सिनेमात आई नव्हतीच ना! तिचं काय करायचं ते सिनेमाने कुणाला शिकवलंच नव्हतं! आता रोज जाते. रोज एवढी धूळ कुठून येते, हे विचारायचं कुणालाही सुचत नाही. महिनाअखेरीला खोल्या सोडायच्या, म्हणून मीही दिवस मोजतोय... तर काल मुलगा म्हणतो, "राहू द्या खोल्या, आईचा वेळ छान जातो."

आज दुपारी तिचा फोन आला. ऐकू यावं म्हणून मी खुर्ची जरा कडेला ओढली. माझ्या एका बाजूला मुलगा ओरडतोय, दुसऱ्या बाजूला अर्धी ओळ, समोर विहीणबाई आणि तुरळक सरी. आणि फोनमध्ये... काही नाही हो. नुसती शांतता. मग ही हळूच म्हणाली, "ऐकलंत? असं असतं इथे. तुमची खुर्ची मी पाय ठेवायला घेतलीय. आणि तुमचं ते जाडजूड पुस्तक वाचायला काढलंय. बरं आहे. शेवट सांगू?"

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या वेळी मात्र मी रडलो. खरा रडलो. दोन्ही डोळ्यांनी! डाव्या डोळ्याची नळी तर अगदी धडधाकट आहे! वाटलं, आता तरी कुणीतरी विचारेल, बाबा, तुम्हाला नक्की काय हवंय...

सुनेने बघितलं. धावत आली, पदराने गाल पुसले, नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, ते थेंब आणा, नळी पुन्हा तुंबली वाटतं. आणि बाबा, कडेला वारा लागतोय तुम्हाला, जरा मध्ये सरका बरं!"

सरकलो.