खैरझरीची चक्की मी चालवली

माहं नाव जानका. माहेर नाचणगावच्या पल्याडचं, तिकडे आमचा बाप जिनात कामाले होता, कापसाच्या जिनात, अन् मी लहानपणी त्याची भाकर घेऊन रोज जात होती, तं तो मशिनीचा धडधडाट, ते फिरणारे पट्टे, ते मले काई नवीन नव्हतं. बाकीच्या पोरी कानात बोटं घालत, मी तिथंच कापसाच्या गठाणीवर बसून राह्यची. बाप म्हणे, पट्ट्यापासून पदर दूर ठेवजो, बाकी मशीन काई खात नाई माणसाले. एवढंच त्यानं मले शिकवलं, पण तेच पुढे कामी पडलं.

लग्न होऊन आली खैरझरीले. आर्वीच्या पुढं, टेकड्याच्या पायथ्याशी, मंधात नाला. गाव लहानसंच, पण भरलेलं होतं भाऊ. शाळा होती, दिवसातून एकदा बस येत होती, पुंडलिकजीची चक्की होती. चक्की चालू झाली का तिचा कुक-कुक कुक-कुक असा आवाज टेकडीपलीकडे जाय, मंग आजूबाजूच्या पाड्यावरच्या बाया डोक्यावर दळण घेऊन येत. गावात बाहेरचा माणूस आला का गाव जितं वाटते. तुम्ही शयरातले, तुम्हाले हे कसं समजावू, पण तसं असते.

मंग एका साली नाल्याले असा पूर आला का रपटाच वाहून गेला. रपटा म्हणजे तो नाल्यावरचा ठेंगणा पूल, त्याच्यावरूनच बस येत होती. रपटा गेला, बस बंद झाली. आज दुरुस्त होईन, उद्या होईन असं म्हणता म्हणता सालं गेली. मास्तर नाल्याले पाणी असलं का येत नव्हते, त्यांचं तरी काय चुकलं, सायकल खांद्यावर घेऊन किती दिवस येईन माणूस? ज्याले जमलं त्यानं लेकरायले शिकायले बाहेर ठेवलं, लेकरं गेली का माय जाय, माय गेली का बाप जाय. असं एक एक घर. भांडण नाई, तंटा नाई, नुसतं कुलूप. काय सांगू तुम्हाले, सकाळी उठून पाह्यलं का आणखी एका दाराले कुलूप. ज्या गल्लीत वाट काढत जा लागे, त्या गल्लीत तरोट्याचं तण वाढलं कमरेइतकं.

आमचे मोठे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, पयलेच बुटीबोरीले गेलते, कंपनीत. त्यायचा निरोप आला, महादेवले पाठवा, चौकीदाराची जागा आहे. महादेव म्हणजे माहे मालक, आमच्या पोरीचे, मंदाचे बाबा. ते मले म्हणे, बांध सामान. मी म्हटलं, वावर? म्हणे, वावर ठेक्यानं देऊ. मी म्हटलं, अन् घर? म्हणे, घराले काय पाय आहेत का, राह्यते जागेवर. मी काई बोलली नाई. बोलली नाई म्हणजे पटलं असं नाई, पण त्यायले वाटलं पटलं.

अन् त्याच दिवसात पुंडलिकजीनं चक्की विकाले काढली. बुढा थकला होता, गिऱ्हाइक राह्यलं नव्हतं, पोरगा पुलगावले बोलावून राह्यला होता. भंगारवाला बैलबंडी घेऊनच आला. मी पाण्याले चालली होती, तं पाह्यलं, तो माणूस इंजिनचे नट खोलून राह्यला अन् बुढा तिकडे पाठ करून बसला. मी घागर खाली ठेवली, त्या भंगारवाल्याले म्हटलं, थांब रे बाप्पा. मंग पुंडलिकजीले म्हटलं, बाबाजी, चक्की मले द्या. तो म्हणे, तुले? तू काय करशीन? मी म्हटलं, दळीन. तो हसला. मी म्हटलं, हसा मंग, पयले मले शिकवा. चक्की गेली का उरलेल्या बाया दळणासाठी नाला उतरून दुसऱ्या गावाले जातीन, अन् दोन महिन्यात त्याबी गाव सोडतीन. तुमच्या डोयानं पाहाचं आहे का तुम्हाले ते? बुढ्यानं वळून इंजिनकडे पाह्यलं. मंग भंगारवाल्याले म्हणे, नट लाव परत.

मंदाच्या बाबाले सांगतलं तं ते असे चिडले, म्हणे, बाईमाणूस चक्की चालवीन? लोक काय म्हणतीन? मी म्हटलं, लोक आहेत कुठं म्हणायले? तुम्ही जा, पाहा कसं जमते, मी अन् मंदा इथंच राहू. ते गेले. रागानं गेले. जाताना मंदाच्या डोक्यावर हात ठेवला, माह्याकडे पाह्यलं नाई. मले रडू आलं नाई असं नाई. पण मी म्हटलं, जानके, आता तोंडातून शब्द काढला आहे.

पुंडलिकजी पुलगावले जायच्या आधी माह्याजवळ बसून सगळं शिकवून गेला. इंजिनले हँडल मारणं सगळ्यात कठीण, उलटं फिरलं का मनगट मोडते, माहं मनगट असं सुजलं का भाकर थापता येईना. अन् दगडाले टाकी लावणं, म्हणजे छिन्नी हातोडीनं दगडाच्या खाचा परत उकरणं, नाई तं दगड गुळगुळीत होते अन् पीठ गरम निघते. पयल्या पयल्यानं माह्या हाताले छिन्नीच लागे. जिनाची आठवण ये, बापाची ये. पदर कमरेले खोचला अन् पट्टा चढवला. कुक-कुक सुरू झालं तं गिरजाबाई धावत आली, गिरजाबाई म्हणजे आमची शेजारीण, मरदाच्या मागं एकटी राह्यलेली बाई. म्हणे, अवो माय, मले वाटलं पुंडलिकजी परत आला!

पण भाऊ, दळण लागते ना चक्कीले. गावात घरं उरली बोटावर मोजण्याइतकी. डिझेलचाबी मेळ बसेना. तं गिरजाच एक दिवस म्हणे, जानका, आपण तूर आर्वीच्या बाजारात विकतो अन् डाळ तिथूनच विकत आणतो, हे काऊन? जात्यावर आपली माय डाळ करतच होती ना? मले ते मनात बसलं. दगड जरा वर उचलले का पीठ नाई निघत, डाळ निघते. पयल्या वक्ताले दगड कमी उचलले तं सगळा भुगा झाला, ढोरायले खाऊ घातला. गिरजा म्हणे, ढोरं तं खुश आहेत. मंग तूर भिजवली, लाल माती लावून वाळवली, जवसाच्या तेलाचा हात देल्ला, परत वाळवली, मंग दळली. अशी पिवळी डाळ निघाली का आम्ही दोघी नुसत्या सुपाकडे पाहत बसलो.

आर्वीच्या बाजारात व्यापारी म्हणे, चमक नाई हिले. खरंच नव्हती. तं आम्ही व्यापाऱ्याचा नाद सोडला अन् आर्वीतल्या घरोघरी गेलो. घ्या म्हटलं, शिजवून पाहा, मंग बोला. पुढच्या बाजाराले बाया आमची वाट पाहून राह्यल्या. मंग गावातल्या बाकीच्या बायाबी आल्या, कोणी वाळवे, कोणी पाखडे, शेजारच्या पाड्यावरून तूर येऊ लागली.

आता अडचण नाल्याची. डाळीचे पोते डोक्यावर घेऊन नाला उतरा, पाय घसरला का सगळं पाण्यात. एकदा गिरजाचं पोतं गेलं, ती तिथंच दगडावर बसून राह्यली. मी म्हटलं, चाल, रपटा बांधू. म्हणे, आपण? मी म्हटलं, मंग कोण? ग्रामपंचायतीत गेलो, ते म्हणे, सिमेंट अन् रपट्याखालून पाणी जायले नळे मिळवून देऊ, मजुरीले काई नाई. म्हटलं, मजूर आम्हीच. उन्हाळाभर टेकडीवरून दगड आणले. पयले बायाच होत्या. माणसं पारावर बसून पाहत. मंग त्यायलेच लाज वाटली का काय, एक एक जण उठला.

मंदाचे बाबा त्याच उन्हाळ्यात आले सुट्टीवर. मनात होतं आम्हाले घेऊन जाचं. नाल्यापाशीच मी दिसली त्यायले, डोक्यावर टोपलं. म्हणे, झालं तुहं खेळणं? चाल आता, खोली पाह्यली आहे म्या. मी म्हटलं, सगळं बोलू, पण पयले हा दगड धरा, एकटीच्यानं उचलत नाई. त्यायनं हातातली थैली खाली ठेवली अन् दगड धरला. दुसऱ्या दिवशीबी आले. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, तुमची ड्यूटी? ते नाल्यात उभे, गुडघ्याइतक्या चिखलात, म्हणे, तिथं रातभर दुसऱ्याच्या गेटाजवळ बसतो, कोणाचं काई येतबी नाई अन् जातबी नाई. मंग खाली वाकून म्हणे, हा नळा वाकडा बसला आहे, कोणं बसवला? मी म्हटलं, म्याच. म्हणे, मंग सरळ करा लागन. झालं. परत गेलेच नाई.

रपटा टिकला. दोन पावसाळे पाह्यल्यावर बस परत आली. पयल्या दिवशी डायवरले आम्ही खाली उतरवून जेवू घातलं, गरम भात अन् आमच्याच डाळीचं वरण, तो म्हणे, बस उशिरा गेली तं मले बोलतीन, पण आणखी वाढा.

गाव पयल्यासारखं भरलं असं मी म्हणत नाई भाऊ, खोटं कायले बोलू. भासरे आले नाई, त्यायचं घर पडलं, त्या मातीवर एरंड उगवले. पुंडलिकजी पुलगावलेच वारला. पण शाळा चालू आहे, टेकडीवर चराई बंद केली तं गवत वाढलं, लोकायनं गाई घेतल्या. आमची मंदा आर्वीले दिली, ती तिथं डाळ विकते. आता हँडल मारणं माह्यानं होत नाई, ते मंदाचे बाबा मारतात, मी दगड पाह्यते.

मागच्या महिन्यात तं एक कुटुंब परत आलं, इतक्या सालानं. कुलूप असं गंजलं होतं का दगडानं फोडलं. दिवसभर बाई झाडझूड करत होती, मी काई गेली नाई, म्हटलं, आवरू द्या तिले. दिवे लागणीच्या वक्ताले तीच वाटी घेऊन माह्या दारात आली. म्हणे, मावशी, गाय आणली आहे, दूध तापवलं. विरजण आहे का वो थोडंसं?

मी तिले वाटीभर दही देल्लं. म्हटलं, ने बाई, अन् सकाळी सांगजो, लागलं का नाई ते.