ओळखीचा वास

पिलू आणण्यात ऑर्फेलिनाबाईंचा फायदा सरळ होता: उद्या म्हातारी मांजर गेली, तरी घर अगदीच ओकंबोकं होणार नव्हतं. चिलीतल्या वाल्परायसोच्या टेकडीवर चढणाऱ्या लिफ्टच्या रांगेत त्या शेजारणीशी, मिरेयाशी, बोलत होत्या. मागे उभ्या एल्बाचा पाव हातातच निवत होता आणि कान पुढे होते.

“दोघींना एकदम समोरासमोर आणलंत?”

“छे गं! दहा दिवस पिलू न्हाणीघरात, दार बंद.”

“माझ्या सासूनं मलाही इतक्या बेतानं घरात घेतलं नव्हतं.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोरलीच्या आवडत्या कापडात पिलाला घोळवा. ओळखीचा वास आला की ती त्याला आपलं म्हणेल.”

“मग घोळवलंत?”

“तिचं आवडतं कापड एकच, ह्यांचा स्वेटर. हे गेल्यापासून ती त्यावरच निजायची. त्यात गुंडाळलं, तर पिलू मुतलं गं!”

“अगंबाई! मग?”

“धुतला. दोनदा.”

“आणि थोरली?”

“तिनं हुंगला आणि दाराशी जाऊन बसली. चार दिवस झाले, खात नाही.”

“पिलू परत देऊन टाका.”

“त्याचा काय दोष? ते मजेत आहे, बाळसं धरलंय.”

“आणि तुम्ही, बाई?”

“मीही काल स्वेटर नाकाशी धरला. नुसता साबण.”