फायनलचं टेबल

बाबा : मनगट कललं असेल तुझं! टेबल कललेलं नाही. सकाळी सहा वेळा पाणसळ लावलीय मी त्याच्यावर. आडवी, उभी, तिरकी. बुडबुडा दोन रेघांच्या मधे असा बसला होता, की हलायचं नाव नाही.

मुलगी : सकाळी बसला होता, बाबा. आता उठलाय.

बाबा : हे बघ, जी आधी अकरा डाव घेईल तिचा कप. तुझे नऊ झालेत, तिचे आठ. नाइन-बॉल खेळायला जगभरातून चौसष्ट बायका आल्या होत्या, त्यातल्या दोघी उरल्या, आणि त्यातली एक माझी पोरगी आहे. मध्यंतरात माणसानं पाणी प्यावं, पाय पसरावेत. टेबलाला नावं काय ठेवत बसलीस?

मुलगी : नावं नाही ठेवत, सांगतेय. जोरात मारलेला बॉल सरळ जातो. पण हळू सोडला, की शेवटच्या वीतभर अंतरात डावीकडे सरकतो.

बाबा : किती?

मुलगी : बोटभर.

बाबा : बोटभर म्हणजे पुष्कळ झालं!

मुलगी : बरं, करंगळीभर.

बाबा : कापड नवं आहे. नवं कापड कधी कधी ओढतं.

मुलगी : कापड तुम्ही ताणलंय. त्यात खोट काढायची माझी छाती नाही. तिचा तो आठ नंबरचा बॉल आठवतो? पॉकेटच्या तोंडाशी गेला आणि वळला. तो पडला असता तर नऊ नंबर समोरच होता, आणि नऊ पडला की डाव तिचा. गेल्या वेळची विजेती ती, क्यूला खडू घासत बसली. तिला वाटलं, आपणच चुकलो. मला तेव्हाच शंका आली.

बाबा : मग तेव्हाच बोलायचंस.

मुलगी : खात्री नव्हती. म्हणून पुढच्या डावात दोन नंबर मुद्दाम जरा उजवीकडून सोडला. वळला आणि अलगद आत. तो डाव मिळाला. त्याच्या पुढचाही मी तसाच घेतला. पण तो काही खात्री करायला नव्हता, बाबा. तो हावरटपणा होता.

बाबा : हावरटपणा कसला? डोळे उघडे ठेवलेस म्हणून तुला दिसलं. तिला नाही दिसलं, त्याला आपण काय करणार?

मुलगी : टेबल बसवलंय कोणी?

बाबा : मी.

मुलगी : आणि त्यावर मलाच कसं बरोबर दिसलं, असं कोणी विचारलं तर?

बाबा : हं. पण कललं कसं ते सांग ना! आत चारशे किलोची दगडी पाटी आहे. ती काय वाऱ्यानं हलते?

मुलगी : सकाळी तुम्ही पाणसळ लावलीत, तेव्हा हॉलमध्ये कोण कोण होतं?

बाबा : मी, झाडूवाला, आणि दिवे टांगणारे दोघं. एक जण जांभया देत होता.

मुलगी : आणि आता?

बाबा : आता काय, मुंगी शिरायला जागा नाही. एका बाजूला ती उंच बैठक बांधलीय, तिच्यावरच पाचशे माणसं… थांब. थांब जरा. जमीन लाकडी आहे.

मुलगी : हो.

बाबा : फळ्या दबल्या.

मुलगी : मलाही तसंच वाटलं.

बाबा : अरे देवा! कालपर्यंतचे सामने मागच्या हॉलात झाले, तिथे फरशी. जन्मभर क्लबांतली टेबलं बसवली, तिथेही फरशी, आणि बघायला चार टाळकी. भरल्या हॉलात, लाकडावर कधी बसवलंच नाही. वाळूची पोती आणून बैठकीवर ठेवायची आणि मग पाणसळ लावायची, एवढं साधं! शिकाऊ पोरालाही सुचलं असतं.

मुलगी : मी तुमच्याकडेच शिकले. मलाही आजच सुचलं.

बाबा : कोणाला सांगितलंस?

मुलगी : तुम्हाला.

बाबा : मग ऐक माझं. दोन डाव राहिलेत, दोनच. कप घे. माणसं घरी जातील, फळ्या वर येतील, टेबल आपलं आपण सरळ होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगी : आणि ती मूठ जन्मभर झाकून कोण बसणार?

बाबा : मी बसेन. मी म्हातारा झालो, माझं काय!

मुलगी : काल तर म्हणत होतात, पुढच्या वर्षी स्पर्धेच्या सोळाच्या सोळा टेबलांचं काम मिळणार.

बाबा : बोललो तर ते गेलंच समज. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम, आणि फायनललाच टेबल कललं! वर म्हणतील, बापानं पोरीसाठी मुद्दाम केलं. स्पर्धेचा व्यवस्थापक आधीच कुरकुरत होता, मुलगी खेळतेय म्हणून. मी म्हटलं, साहेब, ती कुठली फायनलला येतेय!

मुलगी : असं म्हणालात?

बाबा : काम हवं होतं गं.

मुलगी : वा! बाप असावा तर असा.

बाबा : मस्करी नको.

मुलगी : मग सरळ बोलते. आज आपण सांगितलं तर ती चूक. उद्या कोणी शोधून काढलं तर ती लबाडी. दोन्हींत कोणतं नाव लावून घ्यायचं, ते तुम्ही ठरवा.

बाबा : आणि टेबल सरळ केल्यावर तू हरलीस तर?

मुलगी : नाही हरत.

बाबा : तीनदा जिंकलीय ती.

मुलगी : तेव्हा समोर मी नव्हते. लांबचा मार तिचा माझ्यापेक्षा सरस आहे, ते मान्य. पण सुरुवातीचा फटका माझा भारी आहे, आणि गेले आठ डाव घाम ती पुसतेय. सरळ टेबलावर मी तिला हरवणार, बाबा. वाकड्यावर हरवलं तर मला स्वतःलाच कधी कळणार नाही, मी जिंकले की टेबल.

बाबा : मग सांग तू पंचबाईंना.

मुलगी : मी सांगितलं तर तक्रार होते. टेबल तुमचं आहे, तुम्ही सांगायचं.

बाबा : एकट्यानं?

मुलगी : चला, मी आहे बरोबर. पाणसळ घ्या. आणि चष्मा, तो डोक्यावर आहे.

(टेबलापाशी. मध्यंतर संपायला थोडाच वेळ आहे.)

पंच : पुन्हा सांगा. टेबल सदोष आहे, असं टेबल बसवणाराच म्हणतोय?

बाबा : हो मॅडम. मीच.

पंच : पंचवीस वर्षं पंच आहे मी. खेळाडू रोज टेबलाला बोल लावतात. टेबलवाल्यानं लावलेला आज पहिल्यांदा ऐकतेय.

बाबा : ही पाणसळ ठेवली. तुम्हीच बघा.

पंच : रेघेबाहेर आहे. कारण?

बाबा : रिकाम्या हॉलात लावलं. माणसं बसल्यावर जमीन दबली. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं, आलं नाही. पोरीची चूक नाही, तुमच्या माणसांचीही नाही. चूक माझी.

पंच : तुमची मुलगी आघाडीवर आहे, हे लक्षात आहे ना?

बाबा : लक्षात आहे म्हणून तर खोलीपासून इथवर यायला एवढा वेळ लागला.

मुलगी : दोन डाव मी तो कल ओळखून घेतले, मॅडम. तेही लिहा.

पंच : झालेले डाव झाले. ते परत खेळवायची नियमात सोय नाही. मात्र समोरच्या खेळाडूला हे सांगावं लागेल, आणि अहवालात लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी.

बाबा : लिहा. नाव नीट लिहा, लोक नेहमी चुकवतात.

पंच : वेळ किती लागेल?

बाबा : दहा मिनिटं. पण माणसांना जागचं उठवू नका. ती बसलेली असतानाच लावायला हवं.

पंच : तोवर मी तिच्याशी बोलते.

मुलगी : हा घ्या पाना.

बाबा : दे. या पायाला पाव फेरा. त्याला जरा कमी. आता आडवी बघू. उभी. तिरकी… आला. बसला बुडबुडा!

मुलगी : झालं?

बाबा : एकदा झालं. अजून पाच वेळा लावायचीय. मधे बोलू नकोस.

पंच : मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच!" आणि हसली. आक्षेप नाही तिचा. लावून झालं का तुमचं?

बाबा : झालं, मॅडम. सहाही वेळा.

पंच : दोन्ही खेळाडूंनी हळू बॉल लोटून तपासायचं आणि सही करायची. पहिली ती.

मुलगी : बाबा, तुम्ही खाली काय बघताय? तिच्या बॉलकडे बघा. गेला बघा सरळ.

बाबा : तू बघ. मला नाही बघवत.

पंच : तिनं चारही कोपरे बघितले. सही झाली. आता तुमची पाळी. हा बॉल घ्या.

मुलगी : नको.

पंच : तपासायचा हक्क आहे तुमचा. आणि सकाळीही टेबल यांनीच लावलं होतं, हे मी आठवण करून देते.

बाबा : अगं, खरंच, एकदा तरी लोटून बघ. दोन डावांचा प्रश्न आहे.

मुलगी : तुम्ही लावलंय ना, बाबा? मॅडम, सही कुठे करायची?