होम प्लेटला न लागलेला पाय

मी, वय ३९ वर्षे, व्यवसाय शाळेत खेळाची शिक्षिका, राहणार पाण्याच्या टाकीमागील वसाहत, पती व सासूबाईंसह, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी अकरा वर्षे सॉफ्टबॉल सामन्यांत पंच म्हणूनही काम करते.

आज मुलींचा अंतिम सामना होता. यजमान संघाचे प्रशिक्षक माझे धाकटे दीर आहेत. हे मी आयोजकांना लेखी कळवले होते. दुसरा पंच मिळाला नाही.

शेवटच्या डावात यजमान संघ एका धावेने मागे होता. दोन खेळाडू बाद, दोघी बेसवर होत्या. चेंडू लांब गेला व दोघी एकीमागे एक, जिथे पाय टेकला की धाव होते त्या होम प्लेटपर्यंत आल्या. पहिलीने प्लेटवरून उडी मारली, तिचा पाय प्लेटला लागला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर होते. कोणी दाद मागेपर्यंत पंचाने बोलायचे नसते, म्हणून गप्प राहिले. लोक नाचू लागले. तेवढ्यात समोरच्या संघाच्या, प्लेटमागे उभ्या असलेल्या कॅचरने चेंडू हातात धरून प्लेटवर पाय ठेवला व दाद मागितली. मी पहिलीला बाद दिले. पुढे धावणारी तिसरी बाद ठरली की डाव तिथेच संपतो व मागचीची धावही धरत नाहीत. यजमान संघ हरला.

दीर म्हणाले, "वहिनी, मागचीचा पाय तर लागला ना? मग तिची धाव कुठे गेली?" मी नियम सांगितला. लोक अंगावर आले. "तुम्ही आत व्हा, मी बघतो," असे म्हणून दिरांनी मला साहित्याच्या खोलीत नेले व बाहेरून कडी लावली. तेव्हा ५ वाजून १० मिनिटे झाली होती.

खोलीला खिडकी नाही. माझा फोन मैदानावर पिशवीत होता. दाराखालून निकालपत्र व पेन आत आले. त्यावर यजमान संघ विजयी असे लिहिलेले होते. मी ते परत सरकवले. असे तीन वेळा झाले.

सहाच्या सुमारास माझे पती आले. आवाज ओळखून मी म्हणाले, "अहो, आधी कडी काढा."

ते म्हणाले, "काढतो गं. सही तेवढी कर. एका खेळापायी घरात वाकडं कशाला?"

मी पुन्हा तेच म्हटले. कडी निघाली नाही. ते गेलेही नव्हते. दाराखालून त्यांच्या चपला दिसत होत्या.

६ वाजून ४० मिनिटांनी मी सही केली. कडी पतींनी काढली.

निकालपत्रावरची सही माझीच आहे, त्यावरचा निकाल मी दिलेला नाही. माझी तक्रार कडी लावणाऱ्याविरुद्ध आहे. कडी न काढणाऱ्याविरुद्धही आहे का, असे विचारले असता मी पाणी मागितले. पती बाहेर बाकावर बसले आहेत. पाणी प्याल्यावर, आहे, असे सांगते.

जबाब हळू आवाजात वाचू का, असे हवालदारांनी विचारले. मोठ्याने वाचा, असे मी म्हटले. त्यांनी तसा वाचला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.